चौथा कोपरा मोकळा

भिंगरीला झोपवणं हे बाबाचं काम. त्यात कुणी लुडबुड केलेली तिला खपायची नाही.

बाबा मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता आणि त्याची कायमची रात्रपाळी. त्यामुळे बाहेरचा उजेड पुरता विझलेलाही नसायचा तेव्हाच घरात हा कार्यक्रम सुरू व्हायचा. भिंगरी गादीवर उताणी पडायची, हात अंगाशी, पाय जुळवलेले, कवायतीला उभी राहिल्यासारखी, फक्त आडवी. बाबा चादर झटकायचा. चादर हवेत फुगायची आणि सावकाश तिच्या अंगावर बसायची, तेवढ्या वेळात आतून खिदळणं ऐकू यायचं. मग तो एकेक कोपरा उचलायचा, तिरका दुमडायचा आणि गादीखाली असा सरकवायचा की पाकीट बंद केल्यासारखी घडी दिसावी. खांद्यांजवळचे दोन, पायांकडचे दोन. चारी झाले की तिच्या कपाळावर दोन बोटं टेकवायचा आणि म्हणायचा, "स्लीप टाइट."

हे दोन शब्द त्याने वॉर्डातून आणले होते. तो नवा नवा लागला तेव्हा तिथे एक मोठ्या सिस्टर होत्या, निवृत्तीला टेकलेल्या. दिवे मंद करायच्या वेळी त्या प्रत्येक खाटेपाशी थांबायच्या, चादरीवरची सुरकुती तळहाताने मोडायच्या आणि हेच म्हणायच्या. समोरच्याला इंग्रजी येवो न येवो. बाबालाही तेव्हा अर्थ धड ठाऊक नव्हता; पण ते ऐकलं की कण्हणारं माणूस क्षणभर गप्प होतं, एवढं त्याने पाहिलं होतं. सिस्टर गेल्या, शब्द त्याच्याकडे राहिले.

आजीला मात्र ते पटायचे नाहीत. आजी म्हणजे बाबाची आई. तिची खाट त्याच खोलीत, खिडकीखाली होती, आणि नातीचा हा थाट ती रोज उशीला टेकून बघायची.

"टाइट म्हणजे घट्टच ना रे?"

"हो."

"मग घट्ट कसं झोपायचं? झोप काय बरणीचं झाकण आहे?"

"अगं, म्हणजे गाढ झोप. मध्येच जाग न येता, नीट, निवांत."

"मग तसं सांग की लेकराला."

"सिस्टर सांगायच्या, जुन्या काळी तिकडे दोऱ्यांच्या खाटा असायच्या. दोऱ्या सैल पडल्या की माणूस मधल्या खड्ड्यात. म्हणून आवळून घ्यायच्या आणि मग झोपायचं. पण एक डॉक्टर म्हणाले, ही गोष्ट लोकांनी मागाहून चिकटवली. टाइट म्हणजे नुसतं छान, पक्कं."

"म्हणजे ज्यांची भाषा त्यांचंच एकमत नाही, आणि हा शहाणा रोज म्हणतोय!" आजी सुनेकडे वळायची. "चाळिशी आली तरी बॉयच राहिला बघ तुझा नवरा."

भिंगरीने अर्थ स्वतःचा स्वतः लावला होता. टाइट म्हणजे टाइट. शब्द कानावर पडले की ती मुठी आवळायची, डोळे मिटून घ्यायची, ओठसुद्धा दाबून धरायची. बाबा बूट घालून दाराबाहेर पडेपर्यंत तशीच राहायची. मग सगळं एकदम सैल. थोड्या वेळात घोरणं, आणि सकाळी चादर एकीकडे, ही दुसरीकडे, डोकं पायांच्या जागी. झोपेत अशी गरगर फिरायची म्हणून तर आजीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. बाबा घरी यायचा तोवर ती शाळेत गेलेली असायची. खोचलेले कोपरे सकाळी कुठे जातात, हा प्रश्न घरात कुणालाच कधी पडला नाही.

आजी गेली ती भर दुपारी. जेवली, खिडकीखाली आडवी झाली, आणि आई कपडे वाळत घालून परत आली तर तिचा हात खाटेवरून खाली लोंबत होता. आईने हाक मारली, हात धरला आणि तिला काय ते समजलं. बाबा आतल्या खोलीत रात्रपाळीची झोप काढत होता. त्याला उठवताना ती नुसता दंड हलवत राहिली.

बाबा उठला, आला. आजीच्या नाडीवर बोटं ठेवून उभा राहिला. रडला नाही. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, बाह्या दुमडल्या. डॉक्टर येऊन सांगून गेल्यावर आजीच्या अंगाखालची चादर बदलली, एका हाताने तिला कुशीवर धरून, दुसऱ्या हाताने जुनी गुंडाळत नवी पसरत, इतकं अलगद की केसही विस्कटला नाही. तिचे हात सरळ केले. वरून स्वच्छ चादर घातली आणि एकेक कोपरा तिरका दुमडून गादीखाली सरकवला. चारही. मग तिच्या कपाळाला दोन बोटं टेकवून अगदी हळू म्हणाला, "स्लीप टाइट."

आईला त्या क्षणी बरंच वाटलं. माणूस काही तरी बोलला म्हणून. वळून बघते तर दारात भिंगरी उभी, पाठीवर दप्तर, शेजारच्या काकूंनी शाळेतून आणून सोडलेली. केव्हापासून उभी होती कोण जाणे. आईने तिला उचललं आणि काकूंकडे नेऊन ठेवलं. मग माणसं यायला लागली, खुर्च्या मागवल्या, फोन झाले. आणि त्या गडबडीत दारात उभी असलेली ती पोर आईच्या डोक्यातून निघून गेली.

पुढचे काही दिवस भिंगरी काकूंच्या मुलींबरोबर झोपली. पाहुणे पांगले, बाबा कामावर रुजू व्हायचा दिवस आला. संध्याकाळी त्याने हाक मारली, "चला, भिंगरीबाई, आपल्या गादीवर." चादर झटकली. चादर फुगली, खाली बसली. आतून हसणं आलं नाही. त्याने पहिला कोपरा खोचला. दुसरा खोचताच ती किंचाळली. किंचाळली म्हणजे अशी की शेजारचं दार उघडलं. लाथांनी तिने चादर उडवून दिली आणि भिंतीला पाठ लावून बसली.

"काय झालं गं? चिमटा बसला का?"

ती त्याच्या हातांकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हातांकडे.

त्या दिवसापासून घरातली झोपच उडाली. भिंगरी बूट घालून गादीवर बसायची. काढायला गेलं की पाय आखडून घ्यायची. पांघरूण नको, उशी नको. डोळे मिटायला लागले की स्वतःलाच दचकवून जागी व्हायची. शाळेतून बाई सांगायला लागल्या की ही वर्गात बाकावर डोकं टाकते. बाबा दुपारी झोपला की ही सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून टाकायची. "मूल आहे, आजीची आठवण येत असेल," असं जो तो म्हणायचा. आईही तेच म्हणत राहिली. तिचं स्वतःचंच मन थाऱ्यावर नव्हतं. वर्षानुवर्षं जिच्याशी भाजी चिरता चिरता वाद घातले ती बाई खाटेसकट नाहीशी झाली होती, आणि घरात टोमणा मारणारं कुणी उरलं नव्हतं.

बाबा एकदा बूट घालता घालता म्हणाला, "मला हातसुद्धा लावू देत नाही गं ती." आणि लेस बांधायची विसरून तसाच निघून गेला.

आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. मास्तर मोठी कामं करायचे. आईकडे चेन बदलणं, कमर सैल करणं, पँटीची उंची कमी करणं. शाळा सुटली की भिंगरी तिथेच, शिलाई मशीनशेजारच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर.

"आज आपला मॅनेजर पेंगतोय," मास्तर वाकून बघत म्हणाले. "काय हो साहेब, गिऱ्हाईक कोण बघणार?"

भिंगरी हसली नाही. आई पँटीच्या पायाला पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालत होती. घालून झाले, इस्त्री फिरवली, मशीनवर पक्की टीप मारली, आणि मग पांढरा दोरा एका टोकाला धरून सर्रकन ओढून काढला.

"आई, काढायचाच होता तर घातलास कशाला?"

"कच्चा टाका असतो तो. कापड जागेवर बसेपर्यंत धरून ठेवतो. बसलं की काढून टाकायचा."

तो पांढरा दोरा टेबलाखाली ओढला गेला. मग आवाज आला, "आजीचं पक्कं होतं?"

"काय पक्कं होतं?"

"बाबाने केलं ते. चादर. आजी दुपारी झोपली होती ना. मग बाबाने तिला स्लीप टाइट केलं. चारी बाजूंनी. मग ती उठलीच नाही."

आईच्या हातातली सुई खाली पडली. ती टेबलाखाली उतरली, गुडघ्यांवर, चिंध्यांमध्ये.

"राजा, बाबाने नाही गं काही केलं. आजी आधीच..."

"मी बघितलं." भिंगरीचा आवाज रडवेला नव्हता, शाळेत पाहिलेलं खरं सांगावं तसा होता. "त्याने म्हटलं, आणि मग ती उठली नाही. मला पण तो रोज करायचा. मी लाथा मारायचे म्हणून मी उठायचे."

मास्तरांनी मशीनवरचा पाय थांबवला. त्यांनी आईचा डबा तिच्या पिशवीत ठेवला, पिशवी तिच्या खांद्याला अडकवली आणि दुकानाचं दार उघडून धरलं.

बाबा घरी गणवेशाला इस्त्री करत होता. हे त्याला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव आईने रस्ताभर केली होती. त्यातलं काहीच कामी आलं नाही. भिंगरीला काकूंकडे सोडून ती आली आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. बाबाचा हात सदऱ्याच्या पाठीवर थांबला. थांबलेलाच राहिला. कापड तापल्याचा वास यायला लागला तेव्हा आईने त्याच्या मुठीतून इस्त्री काढून घेतली आणि उभी ठेवली.

"मी म्हणालो? आईला?"

"हो. मी ऐकलं ना. तुम्हाला आठवत नाही?"

तो खाली बसला. आजीची खाट जिथे होती तिथल्या रिकाम्या जमिनीकडे बघत म्हणाला, "तिकडे आम्ही शेवटची चादर घालतो ना, तेव्हा पुष्कळदा कुणीच नसतं. घरचे बाहेर असतात, फोनवर, धावपळीत. आत मी आणि वॉर्डातली एखादी मावशी. मग वाटतं, कुणी तरी काही तरी म्हणायला पाहिजे. एवढा जगलेला माणूस, आणि आपण गठ्ठा बांधल्यासारखं न बोलता... मला दुसरं काय येतं गं? तेच म्हणतो. दिवे मंद करतानाही तेच, आणि तेव्हाही तेच. हातांना सवय लागलीये आणि हातांबरोबर जिभेला." तो थांबला. "म्हणजे स्वतःच्या आईलासुद्धा मी एखाद्या पेशंटसारखंच..."

"पेशंटसारखं नाही हो," आई म्हणाली. "भिंगरीसारखं."

बाबाने तोंडावरून हात फिरवला. डोळे कोरडेच होते. "आता तिला काय सांगू? मी नाही मारलं तुझ्या आजीला, असं?"

"खरं काय ते सांगा. गोड करून नको. 'आजी झोपली' असं कुणी तरी त्या दिवशी बोललंच असणार तिच्यासमोर. मी पण बोलले असेन."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाबा पाळी संपवून आला तो हातपाय धुऊन सरळ भिंगरीसमोर जमिनीवर बसला, मध्ये चांगलं अंतर ठेवून, हात मांडीवर उघडे टाकून, तिला दिसतील असे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. यातून पोर सावरली नाही तर बापलेकीत ही भिंत कायमची राहणार, हे तिला पक्कं कळत होतं.

"भिंगरी, त्या दिवशी मी यायच्या आधीच आजी गेली होती. ती झोपली नव्हती. मेली होती. तिचं हृदय थांबलं होतं. मी चादर नंतर घातली."

"मग तिला ऐकू नाही आलं? तू म्हटलेलं?"

"नाही."

"मग म्हटलंस कशाला?"

बाबाने आईकडे पाहिलं.

"माझी आई होती ती," बाबा म्हणाला. "काही तरी छान म्हणायचं होतं तिला. माझ्याकडे सगळ्यात छान तेवढंच आहे. तुलाही म्हणून तेच म्हणतो."

भिंगरीने पुष्कळ विचार केला. पटलं की नाही ते चेहऱ्यावर दिसेना. मग उठली, गादीकडे बोट केलं.

"तू झोप. मी करते."

बाबा निमूटपणे गादीवर उताणा पडला. गादी तिच्या मापाची. त्याचे पाय घोट्यापासून बाहेर. तिने चादर झटकली, ती फुगली नाही, त्याच्या तोंडावरच पडली. ती सरळ केली. कोपरे दुमडता येईनात, तेव्हा नुसतेच बोळे करून गादीखाली कोंबले, जोर लावून, जीभ दातांत धरून. चारही. मग त्याच्या कपाळावर दोन बोटं ठेवली. शब्द ओठांपर्यंत येऊन अडले. आईला वाटलं, पुरे, आता जाऊन तिला उचलावं. गेली नाही.

"स्लीप टाइट," भिंगरी म्हणाली आणि हात झटकन मागे घेतला.

बाबाने डोळे मिटले. मिटून पडून राहायचं आणि लगेच उघडायचे, एवढंच त्याच्या मनात असणार. पण अंगात रात्रभराचं काम होतं, आणि कितीक दिवसांची मोडलेली झोप. तो खरंच झोपला.

हे आईच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. भिंगरी त्याच्या उशाशी मांडी घालून बसली होती, बूट घातलेले, नजर त्याच्या छातीवर. छाती वर जायची तेव्हा तिचीही जायची. आईने खुणेनेच विचारलं, उठवू? तिने मान हलवली. नाही. भात शिजला, गॅस बंद झाला. बाहेर कुणाची तरी गाडी चालूच होईना, पुन्हा पुन्हा खाकरत होती. बाबा हलला नाही.

"बाबा," भिंगरीने हळूच हाक मारली.

नाही.

"बाबा." आता आवाज कापरा. आई एक पाऊल पुढे आली.

भिंगरीने वाकून खांद्याजवळचा एक कोपरा उपसला. मग दुसरा. गुडघ्यांवर सरकत पायांकडे गेली आणि तिसरा ओढला. चौथा भिंतीकडचा होता, तिनेच गच्च कोंबलेला, तो निघेना. दोन्ही हातांनी धरून तिने सगळं अंग मागे टाकलं. कोपरा सुटला, ती धाडकन मागे पडली, आणि बाबाच्या पायाचा अंगठा हलला.

"काय गं?" तो झोपेतच म्हणाला. "शाळा नाही का आज?"

भिंगरीने तोंड उघडलं, पण आवाज यायच्या आधी तिचा चेहराच फुटला. ती त्याच्या छातीवर जाऊन पडली आणि हुंदके देत राहिली. बाबाने तिला दोन्ही हातांनी धरलं. तिने धरू दिलं. मग आईला दिसलं की त्याचेही खांदे हलताहेत. "आई गेली गं," तो त्या एवढ्याशा पोरीला सांगत होता, जणू तिला ठाऊकच नव्हतं. "आई गेली माझी." आजी गेल्यापासून आज पहिल्यांदा तो रडत होता. आई त्यांच्यापाशी जाऊन बसली आणि भिंगरीच्या पायातले बूट काढले. पाय कुणी आखडून घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी बाबाने विचारूनच चादर उचलली. भिंगरी उताणी झाली, पण मुठी आवळल्या नाहीत. त्याचे हात कुठे जातात ते बघत राहिली.

"तीनच," ती म्हणाली.

"बरं, तीन. चौथा?"

"तो मोकळा. पायाला."

"ठीक."

"आणि सकाळी तूच काढायचे. मी नाही, आई नाही. ज्याने घातले त्याने काढायचे."

बाबा विचारात पडला. पाळी संपल्यावर तो सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा, गप्पा मारायचा, मग रमतगमत घरी. "चहा सोडला तर पोचतो," तो आईला म्हणाला. मग भिंगरीकडे वळून, "पोचतो." त्याने तीन कोपरे खोचले आणि कपाळावर दोन बोटं टेकवली. म्हणू की नको, असा क्षणभर घुटमळला. भिंगरीनेच भुवया उंचावल्या, काय झालं म्हणून.

"स्लीप टाइट," तो म्हणाला.

"तू पण," ती म्हणाली, "पण कामावर नको. ओरडतील."

सकाळी आई डबा भरत होती तेव्हा जिन्यावर पावलं वाजली, धावत चढणारी. बाबा आल्या आल्या हात धुऊन, बूट न काढता तसाच आत गेला. आईने डोकावून पाहिलं. भिंगरी रात्रभर जागेवरून हलली नव्हती असं कुणालाही वाटलं असतं: उताणी, हात अंगाशी, डोळे गच्च मिटलेले, पापण्या मात्र थरथरताहेत. जागी होती, केव्हाची जागी असणार. एक पाय मोकळ्या कोपऱ्यातून बाहेर आला होता. बाबाने तो पाहिला. वाकून पहिला कोपरा सोडला. दुसरा. तिसरा सोडायला गादीच्या पलीकडे गेला तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारलं, "झाले?"

"हा शेवटचा."

कोपरा निघाला. भिंगरीने डोळे उघडले, आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"आता उठू?"

"ऊठ," बाबा म्हणाला.